खार, दंव आणि पाऊस: गोव्यातल्या उघड्या रंगमंचासाठी दिवे निवडताना

उघड्यावर तीन-चार हंगाम वापरलेला एखादा एलईडी पार लाइट (रंगमंचावरचा डब्यासारखा साधा झोताचा दिवा) खोलून बघा. काचेला आतून धुरकट थर बसलेला असतो, स्क्रूच्या डोक्यांभोवती पांढरी पूड जमलेली असते आणि केबल आत शिरते तिथल्या ग्लँडखाली (केबल आवळून धरणाऱ्या बुचाखाली) हिरवट डाग दिसतो. यांतल्या कित्येक दिव्यांनी मुसळधार पाऊस कधी पाहिलेलाही नसतो. आपल्याकडे उघड्यावरचे कार्यक्रम बहुतेक दिवाळीनंतर सुरू होतात ते मे महिन्यापर्यंत चालतात: जत्रांची नाटके, दशावतारी काले, शिगम्याचे चित्ररथ, शाळांची स्नेहसंमेलने. त्या काळात दिव्यांना खाते ते पहाटेचे दंव, किनाऱ्यावरची खार आणि तांबड्या मातीची पिठासारखी धूळ. पावसाचा नंबर त्यानंतर लागतो. तेव्हा ‘वॉटरप्रूफ आहे का?’ एवढे विचारून दिवा घेणे किंवा भाड्याने ठरवणे पुरत नाही.

आधी जागा, मग दिवा

उत्सव समितीने किंवा नाट्यमंडळाने सर्वांत आधी रंगमंच कुठे उभा राहणार ते लिहून काढावे. मिरामार, कळंगुट, कोलवा अशा ठिकाणी समुद्रापासून काही शे मीटरांच्या आत कार्यक्रम असेल तर खार हा मुख्य शत्रू. फोंडा, डिचोली, सत्तरीतल्या देवळाच्या प्रांगणात दंव आणि धूळ. साखळीला विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीच्या काठी होतो तसा नदीकाठचा कार्यक्रम असेल तर दंव आणखी लवकर आणि जास्त पडते. आणि २४ जूनचा सांजाव किंवा माशेलचा आषाढातला चिखलकालो यांसारखा भर पावसातला कार्यक्रम असेल तर मात्र खरोखर पाण्याचा दिवा लागतो. चित्ररथाची गोष्ट वेगळीच. तिथे ट्रकच्या हादऱ्यांनी ग्लँड आणि स्क्रू सैल होतात, म्हणून मिरवणूक सुरू होण्याआधी प्रत्येक दिव्याचा ग्लँड हाताने पिळून बघावा लागतो.

आयपी आकडा कसा वाचायचा

दिव्याच्या पाठीवरच्या पट्टीवर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा, ० ते ९. आयपी २० म्हणजे बोट आत जाणार नाही एवढेच; पाण्यापासून संरक्षण शून्य. साधे पार आणि बहुतेक मूव्हिंग हेड (मोटरने डोके फिरवणारे दिवे) याच वर्गात बसतात. आयपी ४४ म्हणजे चोहोबाजूंनी उडालेले शिंतोडे चालतील. आयपी ६५ मध्ये धूळ अजिबात आत जात नाही, आणि पाण्याची चाचणी अशी असते: ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर पाणी, अडीच ते तीन मीटरवरून, किमान ३ मिनिटे. आयपी ६६ ला तोटी १२.५ मिलिमीटरची आणि पाणी मिनिटाला १०० लिटर. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्याखाली अर्धा तास.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ६७ हा ६५ पेक्षा मोठा, म्हणून तो फवाराही सोसेल, असे धरून चालू नका. बुडवण्याची चाचणी आणि फवाऱ्याची चाचणी या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. दोन्हींत उतरलेल्या दिव्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात.

आमचा सल्ला सरळ आहे. देवळाच्या प्रांगणातल्या जत्रेच्या नाटकाला आयपी ६५ घ्या. पाऊस पडेल म्हणून नव्हे, तर त्यातल्या पहिल्या ६ साठी. मार्च-एप्रिलमध्ये माणसांच्या पायांनी उडणारी तांबडी धूळ आयपी ४४ च्या फटींतून आत जाते, लेन्सवर बसते आणि पहाटेच्या दंवात तिचा चिखल होतो. भर पावसात आयपी ६५ किंवा ६६. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभासारख्या उंच वास्तूवर जमिनीवरून वर तोंड करून दिवे लावायचे असतील तर मात्र ६७ बघा, कारण वर तोंड केलेल्या दिव्याच्या काचेवर पाणी साचते आणि काठाच्या गॅस्केटशी (फट बंद करणाऱ्या रबरी पट्टीशी) तासन्‌तास उभे राहते. तसा दिवा मिळाला नाही, तर निदान १०–१५ अंश कलता ठेवा, म्हणजे पाणी ओघळून जाईल.

आकडा जे सांगत नाही

आयपीची चाचणी नव्या दिव्यावर, स्वच्छ पाण्याने होते. खाऱ्या वाऱ्याचा तीत विचारच नाही. मिठाचा थर हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओला होतो आणि ओलाच राहतो. गोव्याच्या किनाऱ्यावर रात्री आर्द्रता बहुतेक वर्षभर त्याच्या वरच असते. त्यामुळे किनाऱ्यावर वापरलेला आणि न धुता ठेवलेला दिवा खोलीत कपाटात असतानाही गंजत राहतो. किनाऱ्यासाठी दिवा घेताना बाहेरचे स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे आहेत का ते विचारा. ३०४ चे असतील तर एका हंगामात तपकिरी ठिपके येतात. कवच ओतीव ॲल्युमिनियमचे, त्यावर जाड पावडर कोटिंग, आणि ब्रॅकेटच्या कडेला, भोकांच्या आतही रंग पोहोचलेला हवा. स्टेनलेसचा स्क्रू उघड्या ॲल्युमिनियमला टेकला आणि मध्ये खारे पाणी आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. वर सांगितलेली पांढरी पूड तीच.

दुसरी गोष्ट दिव्याच्या श्वासाची. तासभर पूर्ण तेजाने चाललेला दिवा आतून तापतो, आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर जाते. मग सर आली किंवा दिवा एकदम बंद केला की आतली हवा आकसते आणि गॅस्केटच्या कडेने बाहेरची हवा आत ओढते. त्या क्षणी काठावर पाणी असेल तर तेही आत जाते. फवाऱ्याच्या चाचणीत पास झालेला दिवा अशा रीतीने निकामी होतो. चांगल्या दिव्याच्या पाठीवर यासाठी एक छोटी गोल झडप असते. तिच्यातला पडदा हवा जाऊ देतो, पाणी अडवतो. ही झडप आहे का ते पाहा, आणि असेल तर तिच्यावर रंग, स्टिकर किंवा मातीचा लेप बसू देऊ नका.

किती दिवे, कोणत्या कोनाचे

गावातला उघडा रंगमंच साधारण ३० फूट रुंद, २० फूट खोल, म्हणजे ९ बाय ६ मीटरचा धरू. कोन कळला की वर्तुळाचा आकार काढता येतो: ६ मीटरवरून २५ अंशांचा दिवा सुमारे २.७ मीटरचे वर्तुळ देतो, ४० अंशांचा सुमारे ४.४ मीटरचे. अंतर दुप्पट केले की उजेड एक चतुर्थांश होतो. उघड्यावर भिंती नसल्यामुळे परतून येणारा उजेडही नसतो, तेव्हा सभागृहात पुरणारे दिवे इथे कमी पडतात.

समोरून चेहऱ्यांसाठी डावी-उजवीकडे चार-चार, २५ अंशांचे, वॉर्म व्हाइट, ३२०० केल्व्हिनच्या आसपासचे आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या पुढचे. मागून व वरून रंगासाठी आठ, ४० अंशांचे. एकूण सोळा. चेहऱ्याचे दिवे लाल-हिरवा-निळा मिसळून केलेल्या पांढऱ्यावर भागवू नका. त्या पांढऱ्यात कातडी हिरवट-राखाडी दिसते, आणि दशावतारातल्या गडद रंगभूषेवर व सोनेरी मुकुटांवर तर तो फारच वाईट पडतो. ज्यांनी एवढ्या मेहनतीने रंग लावला आहे त्यांचा चेहरा प्रेक्षकांना नीट दिसला पाहिजे. रंगीत दिव्यांत अंबर एलईडी असलेला घ्या. थंड निळसर पांढऱ्यापेक्षा अंबरकडे पाखरेही कमी येतात, आणि पहिल्या पावसानंतरच्या रात्री हा फरक नटांच्या तोंडात जाणाऱ्या पाखरांच्या संख्येत कळतो.

मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरून तेज १० टक्क्यांवर आणा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर त्या दिव्याखाली कार्यक्रमाचे चित्रीकरण खराब येणार.

मूव्हिंग हेडबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. त्यांचे झोत दिसतात ते हवेतल्या धुरामुळे, आणि उघड्यावर वारा धूर टिकू देत नाही. शिवाय आयपी ६५ चा मूव्हिंग हेड तेवढ्याच ताकदीच्या साध्यापेक्षा बराच जड असतो, म्हणजे ट्रसचा, दिवे टांगायच्या सांगाड्याचा, भार नव्याने मोजावा लागतो. साध्या मूव्हिंग हेडला प्लॅस्टिकची पिशवी बांधणे हा तर तोडगाच नव्हे: पंख्याची वाट बंद होते, आत वाफ धरते आणि तीच ठिबकते. पक्के छप्पर असेल आणि दिवा कडेपासून दोन मीटर तरी आत टांगता येत असेल तरच लावा. कापडी मंडपाला छप्पर समजू नका.

घेण्याआधीची चाचणी

दुकानात दिवा हातात घेऊन काचेच्या कडेवरून नख फिरवा. गॅस्केट एकसंध सिलिकॉनची असावी. स्पंजची पट्टी कापून चिकटवलेली असेल तर जिथे दोन टोके भेटतात तिथून पाणी येणार. कडेची फट चारही बाजूंना सारखी आहे का ते पाहा. ग्लँडमधली केबल ओढून बघा, किंचितही सरकता कामा नये.

मग एक नमुना दिवा घरी आणा आणि असे करा:

१. सर्व रंग पूर्ण तेजावर ठेवून एक तास चालवा.
२. बंद करा, प्लग काढा आणि केबलचे टोक कोरड्या जागी उंचावर ठेवा.
३. लगेच, दिवा गरम असतानाच, तीन मीटरवरून बागेच्या नळीने पाच मिनिटे सर्व बाजूंनी पाणी मारा. ग्लँड आणि काचेचा काठ सोडू नका.
४. ओलाच रात्रभर उघड्यावर ठेवा.
५. सकाळी बाहेरून पुसून कोरडा करा, पुन्हा अर्धा तास चालवा आणि काचेच्या आत पाहा.

हलकी वाफ येऊन पंधरा-वीस मिनिटांत गेली तर चालेल. थेंब दिसले, किंवा वाफ एकाच कोपऱ्यात टिकून राहिली, तर ती खेप घेऊ नका. प्लग काढून पाणी मारायचे ते सुरक्षिततेसाठी तर आहेच, पण दिवा थंड होताना पाणी आत ओढतो की नाही हेही त्यातच कळते.

भाड्याने घेताना एवढी चाचणी होत नाही. तिथे तीन प्रश्न विचारा: दिव्याचा आयपी किती, प्लगचा आयपी किती, आणि मागचा कार्यक्रम किनाऱ्यावर होता का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर त्या जोडांची व्यवस्था तुम्हालाच करावी लागेल.

केबल आणि जोड

आयपी ६५ च्या दिव्याला तीन पिनांचा घरगुती प्लग, तो एक्स्टेन्शन बोर्डात आणि बोर्ड गवतावर, हे दृश्य फार ठिकाणी दिसते. पूर्ण व्यवस्थेचा आयपी तिच्यातल्या सर्वांत कमकुवत जोडाएवढाच असतो. घरगुती प्लग उघड्यावर नकोच. निळे गोल औद्योगिक प्लग वापरा, १६ अँपिअर, तीन पिनांचे. ते आयपी ४४ आणि आयपी ६७ अशा दोन प्रकारांत मिळतात. जमिनीलगतच्या जोडांना ६७ चे, आणि त्यांची कडी पूर्ण फिरवून घट्ट केलेली हवी. दिव्याकडचे पॉवरकॉन ट्रूवन जातीचे जोडही जोडलेल्या स्थितीतच पाणी अडवतात. शेवटच्या दिव्याचे रिकामे ‘आउट’ तोंड उघडे राहिले तर सगळी साखळी तिथून भिजते. त्या तोंडावर त्याचे रबरी झाकण लावा. झाकणे हरवतात, म्हणून दहा-बारा जास्तीची ठेवा.

जोडाला चिकटपट्टी गुंडाळू नका. पट्टीच्या कडेने पाणी आत शिरते आणि बाहेर यायला वाट उरत नाही. पट्टी न लावलेला, तोंड खाली करून टांगलेला जोड जास्त कोरडा राहतो. प्रत्येक दिव्यापाशी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी ग्लँडपर्यंत न पोहोचता झोळाच्या तळाशी ठिबकेल.

केबल तांब्याची, रबरी आवरणाची, मुख्य ओढीला निदान २.५ चौरस मिलिमीटर. ५० मीटर लांबीवर १० अँपिअर वाहिले तर या केबलमध्ये सुमारे ८ व्होल्ट पडतात, १.५ च्या केबलमध्ये १३ च्या आसपास. एलईडी दिवा व्होल्टेज उतरले की जास्त करंट ओढतो आणि जोड तापतात.

डीएमएक्सची, म्हणजे कंट्रोलरकडून दिव्यांना आदेश नेणारी, केबल १२० ओहमची असावी, माइकची नव्हे. एका ओळीत ३२ पेक्षा जास्त दिवे नकोत आणि शेवटी पिन २ व ३ मध्ये १२० ओहमचा टर्मिनेटर हवा. मध्यरात्रीनंतर दिवे आपोआप लुकलुकायला लागले तर आधी या केबलचा जमिनीवरचा एक्सएलआर जोड (पिनांचा गोल जोड) तपासा; त्यात दंव गेलेले असते.

वीज, अर्थिंग, जनरेटर

या भागात काटकसर नको आणि अंदाजही नको. परवानाधारक वायरमन हवाच, आणि तात्पुरती जोडणी वीज खात्याकडून रीतसर घ्यावी.

हिशेब असा: १५० वॅटचे १६ दिवे म्हणजे २४०० वॅट. २३० व्होल्ट आणि ०.९ पॉवर फॅक्टर धरला तर सुमारे ११.६ अँपिअर. एका १६ अँपिअरच्या फाट्यावर हे बसते, तरीही ते दोन फाट्यांत वाटा. कारण गळतीचे आहे. प्रत्येक एलईडी दिव्याच्या फिल्टरमधून अर्धा ते एक मिलिअँपिअर करंट अर्थकडे सहज जातो. १६ दिव्यांचे मिळून १६ मिलिअँपिअरपर्यंत होतात, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) १५ च्या वर कधीही पडू शकतो. मग ऐन तिसऱ्या अंकात अंधार होतो आणि कोणीतरी वैतागून आरसीसीबी बायपास करतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या नटाचा जीव त्या एका बायपासने धोक्यात येतो. आठ-आठ दिव्यांना स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा, ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी आणि ‘सी’ कर्व्हचा एमसीबी (जास्त करंट वाहिला की वीज तोडणारा स्विच) लावा, म्हणजे ही वेळ येणार नाही.

जनरेटरवर चालवताना न्यूट्रल जनरेटरपाशी अर्थला जोडलेला असलाच पाहिजे. तो नसेल तर दोषाच्या करंटला परतायला वाट नसते आणि आरसीसीबी पडतच नाही. आरसीसीबीचे टेस्ट बटन दाबल्यावर तो पडतो म्हणजे अर्थिंग ठीक आहे असेही समजू नका. ते बटन अर्थशिवायही काम करते. अर्थची तार खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का हे वायरमनने मीटर लावून मोजायला हवे. जांभ्या दगडात, तेही एप्रिल-मेमध्ये, गज ठोकला तरी अर्थ नीट मिळत नाही. मातीचा ओलसर भाग, विहिरीजवळची किंवा माडाच्या आळ्याजवळची जागा शोधा, भोवती पाणी घाला आणि पुन्हा मोजा. ट्रस, लोखंडी खांब आणि स्टेजचा सांगाडाही त्याच अर्थला जोडा.

वितरणाची पेटी जमिनीपासून फूटभर उंच, लाकडी फळ्यांवर, छपराखाली ठेवा. पाणी उतरते त्या वाटेवर तर नकोच. प्रत्येक टांगलेल्या दिव्याला हुकाखेरीज पोलादी सेफ्टी वायर लावा.

कार्यक्रमाच्या रात्री

दंवावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दिवा गार पडू न देणे. संध्याकाळी सहाला सगळे दिवे १० टक्क्यांवर लावा आणि कार्यक्रम संपेपर्यंत पूर्ण शून्यावर आणू नका. दोन अंकांच्या मधल्या चहापाण्यातही ५–१० टक्के राहू द्या. कवच भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम राहिले तरी त्यावर दंव बसत नाही. काळोख हवा असेल तर दिवे तेवढ्यापुरते शून्यावर न्या आणि लगेच परत आणा.

अवेळी सर आली तर दिवे एकदम बंद करू नका. अर्ध्या तेजावर आणा, दहा मिनिटांनी २० टक्क्यांवर, म्हणजे ते हळूहळू गार होतील. विजांचे मात्र वेगळे. मे आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी गडगडाट सुरू झाला आणि वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. कलाकार आणि तंत्रज्ञ ट्रसपासून दूर, पक्क्या इमारतीत न्यायचे, मुख्य स्विच बंद करायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे.

दुसऱ्या दिवशी

किनाऱ्यावरून आलेला प्रत्येक दिवा गोड्या पाण्याने धुवा. बादलीत ओला फडका बुडवून पुसला तरी चालेल, पण प्रेशर पंप नको. ब्रॅकेटचे सांधे, स्क्रूंची डोकी आणि पाठीवरच्या धातूच्या पंखांमधल्या फटी नीट पुसा, कारण मीठ तिथेच बसते. दिवा सावलीत वाळवा, मग तासभर ३० टक्क्यांवर चालवून आतली ओल बाहेर काढा.  गॅस्केटला पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावू नका. प्लगच्या पिना काळ्या पडलेल्या दिसल्या तर घासत बसू नका, प्लग बदला.

ओल्या फोमच्या पेटीत दिवा बंद करून ठेवणे म्हणजे जूनपर्यंत त्याला वाफेत ठेवण्यासारखे आहे. पेटीचे झाकण उघडे ठेवून फोम उन्हात वाळवा, सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक दिवा अर्धा तास लावा. त्या वेळी ज्याच्या काचेवर आतून वाफ दिसेल त्याच्यावर रंगीत दोरा बांधून बाजूला ठेवा. कार्तिकातल्या पहिल्या जत्रेला अजून दोन महिने असतात, तेवढ्यात त्याची गॅस्केट बदलून होते.